आधी एक ड्रम वाजता करा

प्रश्न थोडक्यात असा. १९६०च्या दशकातला लुडविग या अमेरिकन कंपनीचा ड्रमसंच आहे: २२ इंची बास ड्रम, १३ इंची टॉम, १६ इंची फ्लोअर टॉम, तिन्ही निळ्या स्पार्कल रॅपचे, म्हणजे शेलवर (ड्रमच्या लाकडी नळकांड्यावर) चिकटवलेल्या चमचमत्या प्लास्टिकच्या आवरणाचे, आणि सोबत सुप्राफोनिक ४०० हा खाली तारा असलेला धातूचा स्नेअर ड्रम. चार महिन्यांपूर्वी उत्साहाने सगळा संच उघडला. फ्लोअर टॉमचा रॅप हीट गनने गरम करून सोलायला घेतला तर तो सांध्यापाशी वीतभर फाटला. तिथेच लाकडाचे थर सुटलेले निघाले. लगचे, म्हणजे पडदा ताणणारे रॉड ज्यांत फिरतात त्या शेलवरच्या धातूच्या तुकड्यांचे, दोन स्क्रू आतल्या आत मोडले. नवं हेड (वाजवायचा पडदा) शेलवर उतरत नाही. स्नेअरच्या क्रोमला फोड आलेत. आता सगळे भाग खोक्यांत पडून आहेत आणि खोकं उघडायची इच्छा होत नाही. पुढे जायचं, की आहे तसं विकून मोकळं व्हायचं?

विकू नका. सुट्या भागांचा ढीग झालेला संच कुणाच्याही हातात गेला तरी त्याचे भागच विकले जातात. बॅज एकीकडे, लग दुसरीकडे, शेल तिसरीकडे. साठ वर्षं एकत्र राहिलेले ड्रम अशा एका कंटाळलेल्या संध्याकाळी कायमचे वेगळे होतात. मी असे संच पाहिलेत आणि मला दर वेळी वाईट वाटलंय.

तुम्ही सांगितलेल्या पाच अडचणींपैकी एकीनेही हा संच वाया जात नाही. माझ्या मते मोठी चूक त्या पाचांत नाहीच. ती तुमच्या दुसऱ्या वाक्यात आहे: सगळा संच एकदम उघडलात. जुन्या ड्रमच्या कामात काहीतरी बिघडणार हे ठरलेलंच असतं. लाकूड जुनं, सरस जुना, आटे गंजलेले, आणि आधीच्या मालकांनी काय काय करून ठेवलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही. असं काही बिघडलं की त्या वेळी घरात एक तरी वाजता ड्रम असायला हवा. तो असला की मोडलेला स्क्रू एवढीशी गोष्ट राहते. सगळंच खोक्यात असलं की तोच स्क्रू संपूर्ण कामावर बसतो.

म्हणून पहिलं काम हे करा. फ्लोअर टॉम आणि स्नेअर बाजूला ठेवा, त्यांच्याकडे बघूही नका. १३ इंची टॉम काढा. शेल आतून-बाहेरून कोरड्या मऊ फडक्याने पुसा, लग पुसून परत लावा, जुनी हेड धड असतील तर तीच चढवा, सूर लावा आणि वाजवा. पॉलिश नको, गंज काढणं नको, बेअरिंग एजला (शेलच्या ज्या कडेवर हेड टेकतं तिला) हात नको. एका सुटीच्या दिवसात होईल. मग तसाच बास ड्रम. हे दोन उभे राहिल्यावर या उत्तराचा उरलेला भाग वाचलात तरी चालेल.

लग परत लावताना एक करा. प्रत्येकाच्या पोटात रॉड ज्यात फिरतो त्या स्विव्हल नटला धरून ठेवणारी स्प्रिंग असते. रॉड घट्ट असताना ती गप्प बसते, पण खालच्या सुरात हेड सैल ठेवलं की झणझणते, आणि माणसं तो आवाज शेलमध्ये शोधत बसतात. स्प्रिंगच्या आत फेल्टची बारीक गुंडाळी सारली की काम झालं. पुढे कुणाला नको वाटली तर चिमट्याने काढता येते.

काढता येते, हा शब्द माझ्यासाठी महत्त्वाचा आहे. समोर आलेली कामं मी दोन भागांत वाटतो. काही परत फिरवता येतात: पुसणं, तेल देणं, सुटलेलं चिकटवणं, हेड बदलणं, हरवलेला नट बदलणं. काही फिरवता येत नाहीत: भोक पाडणं, बेअरिंग एज कापणं, नवा मुलामा चढवणं, रॅप सोलणं, शेल आतून रंगवणं. पहिल्या भागातली सगळी कामं आधी संपवायची, ड्रम जोडून वाजवायचा, आणि मग दुसऱ्यातलं काही खरंच लागतंय का ते कानाने ठरवायचं. बहुतेक वेळा लागत नाही. तुम्ही रॅप सोलण्यापासून सुरुवात केलीत म्हणून सगळं एकामागून एक अंगावर आलं.

आता फ्लोअर टॉम. इथे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या तीन अडचणी मुळात एकच आहे असा माझा अंदाज आहे.

त्या काळातले लुडविगचे शेल तीन थरांचे, आणि वरखाली मेपलच्या आधारकड्या. लाकूड पातळ आहे. म्हणूनच आवाज उबदार येतो, आणि म्हणूनच ओल लागली की ते पटकन हलतं. एखाद्या सांध्याशी थर सुटले की तिथली जाडी वाढते, शेलचा गोल बिघडतो, वरचा रॅप ताणला जातो आणि नवं हेड त्याच फुगवट्यावर अडतं. रॅप सांध्यापाशी फाटला, हेड बसत नाही, थर सुटलेत: तिन्ही गोष्टी एकाच वीतभर जागेत आहेत का ते बघा. असतील, तर हेड बसावं म्हणून शेल बाहेरून घासायला घेऊ नका. थर बसवले की हेड बऱ्याचदा आपोआप उतरतं.

आधी शेल कोरडा आहे याची खात्री करा. एकदा पुरात भिजलेला एक टॉम माझ्याकडे आला होता. वरून हाताला अगदी कोरडा लागत होता. मी थर चिकटवले, चोवीस तासांनी क्लॅम्प सोडले, सगळं छान दिसलं. तीन आठवड्यांनी तोच सांधा दोन बोटं पुढेपर्यंत उकलला. लाकडाच्या आत ओल होती, ती हळूहळू बाहेर पडत गेली, लाकूड आकसलं आणि गोंद ओढून निघाला. तेव्हापासून मी शेल वजनकाट्यावर ठेवतो. सावलीत, हवेशीर जागी, उभ्याने ठेवायचा आणि रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवायचं. तीन-चार दिवस आकडा हलला नाही म्हणजे आतली ओल खोलीच्या हवेशी जुळली. उन्हात किंवा हीटरसमोर ठेवून घाई केलीत तर बाहेरचा थर आधी आकसेल आणि नवीन ठिकाणी फाटेल.

मग शेल मऊ टॉवेलवर आडवा ठेवा, खोलीतला पंखा बंद करा आणि बोटाच्या पेराने टकटक करत कडेने फिरा. थर जिथे एकजीव आहेत तिथे आवाज भरीव येतो. सुटलेत तिथे पोकळ येतो, आणि बारकाईने ऐकलंत तर त्यात एक बारीक चर्रर्र असते. त्या जागेच्या सीमा मास्किंग टेप लावून टेपवर पेन्सिलने आखा. डोळ्यांना दिसणाऱ्या फटीपेक्षा आतली पोकळी नेहमी मोठी निघते.

फटीत पातळ, बोथट पॅलेट नाइफ सरकवा. ती जिथे स्वतःहून थांबते तिथे थांबा. पुढे रेटलंत तर तुम्ही नवा थर सोडवताय. आतला जुना सरस काचेसारखा कडक झालेला असतो. १५० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी दुमडून आत घाला आणि दोन्ही पृष्ठभाग हलके खरवडा, मग तोंडाने किंवा पंपाने फुंकून धूळ काढा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त तीच टाळली जाते. नवा गोंद जुन्या सरसाला धरत नाही, त्याला लाकूड लागतं.

चिकटवण्याआधी एक कोरडी तालीम करा. शेलच्या गोलाईला बसतील असे लाकडी ठोकळे कापून घ्या, एक आतून आणि एक बाहेरून, त्यांच्यात आणि शेलमध्ये मेणकागद. शेलच्या आत, फटीच्या जवळ, बरोबर व्यासाची प्लायवुडची गोल चकती बसवा, म्हणजे क्लॅम्प आवळताना गोल बिघडत नाही. सगळे क्लॅम्प लावून बघा, फट मिटते का बघा, मग सोडा. गोंद लागल्यावर क्लॅम्प शोधत बसायची वेळ येऊ नये.

गोंद साधा, सुताराचा, पिवळा किंवा पांढरा. त्यात अगदी थोडं पाणी घालून तो जाड सुईच्या सिरिंजमधून उतरेल इतका पातळ करा. सुई पोकळीच्या टोकापर्यंत न्या आणि मागे घेत घेत भरा, म्हणजे आत हवा अडकत नाही. मग बोटाने थर दाबत-सोडत राहा, गोंद आत पसरतो. क्लॅम्प मधून बाहेरच्या दिशेने आवळा. कडेने गोंदाची सलग रेघ बाहेर आली की पुरे, ओल्या फडक्याने पुसून टाका. चोवीस तास हात लावू नका. इपॉक्सी वापरू नका. ती मजबूत असते, पण पुढे कुणाला हे काम पुन्हा करायचं झालं तर ती निघत नाही, लाकूड घेऊनच येते.

हे झाल्यावर शेलचा व्यास चार दिशांनी मोजा. कमीत कमी आणि जास्तीत जास्त व्यासात तीनेक मिलिमीटरचा फरक या वयाच्या शेलला मी चालवून घेतो. मग हेड हाताने ठेवून बघा. ते स्वतःच्या वजनाने खाली उतरायला हवं आणि किंचित खुळखुळायला हवं. अजून अडत असेल तर हेड फिरवून बघा, दुसऱ्या कंपनीचं हेड लावून बघा, सगळ्यांच्या कड्या सारख्या नसतात. तरीही अडलं तर रॅपची वरची पाच-सहा मिलिमीटरची पट्टी, हूपखाली (हेड दाबून धरणाऱ्या धातूच्या कडीखाली) झाकली जाईल एवढीच, धारदार पात्याने काढता येते. हे परत फिरवता येत नाही, म्हणून सगळ्यात शेवटी.

इथे थोडं विषयांतर. हेड न बसण्याची तक्रार दर वेळी बिघाडाची नसते. प्लास्टिकची मायलार हेड १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आली, अशी हेड बनवणाऱ्या रेमो कंपनीची सुरुवात १९५७ची. त्याआधी वासराचं कातडं ओलं करून लाकडी कडीवर गुंडाळायचे आणि ते त्या त्या शेलवरच वाळून बसायचं, त्यामुळे शेल थोडा मोठा असला तरी कुणाला फरक पडत नव्हता. त्या काळातल्या बऱ्याच शेलवर आजचं हेड कोंबावं लागतं. जुन्या ब्रिटिश प्रीमियर ड्रमची मापं तर आजच्या मापांहून वेगळीच होती, त्यांच्यासाठी खास मापाची हेड वेगळी मिळतात. असा ड्रम हातात आला तर आधी कालखंड ओळखा, मग पॉलिश पेपर हातात घ्या. तुमचा संच त्यानंतरचा आहे, त्यामुळे तुमच्याकडे हे कारण नसावं.

बेअरिंग एजबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या महिन्यात विचाराल म्हणून आत्ताच सांगतो: हात लावू नका. ९ फेब्रुवारी १९६४च्या रात्री बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार अमेरिकेच्या टीव्हीवर लुडविगच्या संचामागे बसलेला दिसला आणि मागणी इतकी वाढली की कारखाना रात्रंदिवस चालू लागला. त्या वर्षांतल्या ड्रमवर ती धावपळ दिसते. एज थोडी कमीजास्त, आधारकडीच्या सांध्यात केसभर फट, आतल्या रंगाचे ओघळ. हे दोष म्हणून दुरुस्त करायला गेलात तर त्या ड्रमची ओळखच पुसली जाते. एज तपासायची असेल तर शेल जाड काचेवर उपडा ठेवा, आत टॉर्च लावा आणि खोली अंधारी करा. प्रकाशाची रेघ दिसेल तिथे फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघा. एक दशांश मिलिमीटरची पाती अडखळत जात असेल तर विसरून जा, हेड तेवढं सांभाळून घेतं.

हे मी इतक्या ठामपणे सांगतोय कारण एक ड्रम मी स्वतः घालवलाय. स्लिंगरलँड या जुन्या अमेरिकन कंपनीचा रेडिओ किंग स्नेअर, मेपलच्या अखंड फळीला वाफेवर वाकवून केलेला शेल. त्याची एज गोलसर होती. मला ती झिजलेली वाटली. राउटरवर पंचेचाळीस अंशांची तीक्ष्ण एज पाडली, दिसायला सुरेख. हेड चढवून पहिला फटका मारला आणि मला जागच्या जागी कळलं. त्याचा तो गोल, दाटलेला आवाज गेला होता आणि जागी एक लांबट, पातळ घंटा आली होती. शिवाय एज खाली गेली तशी स्नेअरच्या तारांसाठी कोरलेला खोलगट भागही उथळ झाला, आणि हलक्या हाताने वाजवताना तारा कडेला फरफरायला लागल्या. खोलगट भाग मी पुन्हा कोरला, फरफर थांबली. आवाज परत आला नाही. ज्यांचा ड्रम होता त्यांना मी तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, ड्रम घेऊन गेले. आजही कुणी एज बदलायला सांगितली की मी आधी आहे त्या एजवर नवं हेड लावून, दोन दिवस वाजवून यायला सांगतो. बहुतेक जण परत येत नाहीत.

आता रॅप. आधी सगळ्यात गंभीर गोष्ट: हीट गन बंद करून कपाटात ठेवा. जुन्या रॅपचा मोठा भाग सेल्युलोज नायट्रेटचा असायचा. जुन्या सिनेमाच्या फिल्मचा हाच पदार्थ, पेटला की विझवता येत नाही. तो मऊ ठेवायला त्यात कापूर घालत, त्यामुळे फडक्याने जोरात घासल्यावर कापरासारखा वास आला तर शंका ठेवू नका. वास आला नाही तरी तपासणी झाल्याशिवाय तो नायट्रेटच आहे असं समजून वागा. हीट गनची हवा सहज काही शे अंशांवर जाते. तुमचा रॅप फक्त फाटला, याबद्दल मला खरंच हायसं वाटलं. कोरडा घासून त्याची धूळही करू नका, आणि तुकडा जाळून परीक्षा तर अजिबात नको.

फाटलेला रॅप आता पूर्ण सोलायचा का? माझं मत स्पष्ट नाही असंच आहे. तुमचा निळा स्पार्कल आज हिरवट दिसत असणार. लग काढलेत ना, त्या लगखालच्या चौकोनात डोकावून बघा, तिथे मूळ निळा अजून असेल. वरचं पारदर्शक आवरण उजेडाने पिवळं पडतं आणि निळ्यावर पिवळं म्हणजे हिरवं. नवा रॅप आणलात तर तो त्या लगखालच्या निळ्याशीच जुळेल, बास ड्रमच्या आजच्या रंगाशी जुळणार नाही. मग एक नवा आणि दोन जुने ड्रम शेजारी ठेवणं डोळ्यांना खुपेल, आणि तुम्ही उरलेले दोनही सोलायला घ्याल. एका वीतभर फाटीसाठी तीन ड्रमचा मूळ रॅप जाईल.

लाकडाला पॉलिश करून तसंच ठेवायचा विचारही मनात येईल. रॅपखाली जाणारं लाकूड दाखवण्यासाठी निवडलेलं नसतं. त्यावर गोंदाचे डाग असतात, बुजवलेल्या गाठी असतात, आणि डाग काढायला घासत बसलात तर वरचा पातळ थर घासून खालचा दिसायला लागतो.

त्यापेक्षा फाटलेला भाग परत बसवा. रॅप थंड, कडक असताना वाकवू नका, तडकेल. शेल दिवसभर उबदार खोलीत राहू द्या. रॅपच्या मागचा आणि शेलवरचा सुटलेला गोंद बोथट पात्याने काढा. काही जुन्या शेलमध्ये रॅपचं टोक बाहेरच्या थराच्या सांध्यात खोचलेलं असतं. ओढताना तो तिथेच फाटतो, तुमच्याकडे हेच झालं असावं. तसं असेल तर थर चिकटवण्याआधीच ते टोक सांध्यातून हळूच मोकळं करा. कॉन्टॅक्ट अॅढेसिव्हचा पातळ हात दोन्ही बाजूंना द्या, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, आणि फाटलेल्या कडा आधी जुळवून मग आतून बाहेर दाबत या. हा गोंद टेकला की सरकवता येत नाही, म्हणून जुळवताना मध्ये मेणकागद ठेवा आणि तो थोडा थोडा ओढत न्या. खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत नको. फाटीची रेघ दिसेल. दोन हात अंतरावरून फारशी दिसणार नाही, आणि फाटलेली बाजू आतल्या अंगाला, स्टुलाकडे फिरवता येते.

मोडलेले स्क्रू. लग हे जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम आहे, वर क्रोम. स्क्रू आतून येऊन लगच्या दांड्यात फिरतो. तो दांडा ठिसूळ असतो, पक्कडीने जोर केलात की स्क्रूऐवजी दांडाच तुटतो. गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब, रात्रभर थांबा, पुन्हा एक थेंब. दुसऱ्या दिवशी सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या मोडक्या तोंडावर मिनिटभर टेकवा. लाकूड आणि रॅप जवळ असताना हे करायचं नाही, लग टेबलावर सुटा हवा. गार होऊ द्या, पुन्हा तेल. तिसऱ्या-चौथ्या फेरीला तो बऱ्याचदा हलतो. नाही हलला तर उलट्या फिरणाऱ्या बारीक ड्रिल बिटने मधोमध भोक पाडा, पाडता पाडताच तो बाहेर फिरून येतो. दांडा तुटलाच तर त्याच काळातला त्याच जातीचा जुना लग शोधा, लुडविगने ते प्रचंड संख्येने बनवले. मिळेपर्यंत उरलेल्या लगवर ड्रम वाजतो.

लग स्वच्छ करायला व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल वापरू नका. मी सुरुवातीच्या काळात गंजलेले रॉड व्हिनेगरमध्ये टाकायचो, पोलादाला ते मानवतं. एकदा त्याच भांड्यात आठ लग टाकून झोपलो. सकाळी पाण्यावर राखाडी फेस होता, आणि क्रोम जिथे जिथे मुळात टिचलेलं होतं तिथून आम्ल आत शिरून जस्त खाल्लेलं होतं. बोट फिरवलं तर वाळूसारखं लागत होतं. कोमट पाणी, साधा साबण, मऊ टूथब्रश आणि लगेच कोरडं करणं, लगला एवढंच लागतं. हूप पोलादी असतील तर त्यांच्यावरचा गंज मात्र चुरगाळलेल्या अॅल्युमिनियम फॉइलने, पाण्याचा थेंब घेऊन, सुरेख निघतो. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे उठत नाहीत. हूपला चुंबक लावून बघा, चिकटलं नाही तर ते पितळी आहेत आणि तुम्ही नशीबवान आहात.

स्नेअरचे फोड. सुप्राफोनिकचे बहुतेक शेल अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, त्यावर क्रोम. अगदी सुरुवातीचे काही पितळेचे, ते हातात घेतल्यावर वजनानेच कळतात. अॅल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही. घाम, दमट हवा, बारीक छिद्र, मग फोड, मग खपली. हा या ड्रमचा स्वभाव आहे, तुमची चूक नाही. याने आवाजात काही फरक पडत नाही. जगभरच्या रेकॉर्डिंगमध्ये हा ड्रम ऐकू येतो आणि त्यातले कितीतरी असेच फोडांनी भरलेले असतात. नवं क्रोम चढवायचं तर जुनं उतरवून शेल घासावा लागतो, आणि फोड पुन्हा येण्याची शक्यता राहतेच. मी एकदा काही लग एका मुलामा देणाऱ्याकडे दिले होते. परत आले ते आरशासारखे चमकत, पण त्यांच्या कडा इतक्या घासल्या होत्या की त्यांवरच्या रेषा विरघळलेल्या साबणासारख्या दिसत होत्या. तेव्हापासून नाही. खपल्या नखाने उचलू नका, ओलसर फडक्याने पुसा, पूर्ण कोरडं करा, कारच्या मेणाचा पातळ हात द्या. वाजवून झाल्यावर घाम पुसत जा, एवढ्याने फोड वाढायचे थांबले नाहीत तरी मंदावतात.

शेलच्या आतली बाजू रंगवू नका, घासू नका, ओल्या फडक्याने जोरात पुसूही नका. टॉर्च लावून बघा, तिथे लाल शाईत तारखेचा शिक्का असू शकतो. तुमच्या ड्रमचा जन्मदाखला तोच.

आणि कामाच्या वेळेबद्दल. मी रात्री जेवणानंतर धार असलेलं कुठलंही हत्यार हातात घेत नाही. माझ्या हातून झालेल्या तीन मोठ्या चुकांपैकी दोन दमलेलो असताना, "एवढं एक करून झोपू" म्हणत झाल्या. अडलं की मी एक वही काढतो, तारीख टाकतो, काय अडलं ते एका ओळीत लिहितो आणि दिवा बंद करतो. दोन दिवसांनी ती ओळ वाचताना उपाय सुचतो असं फार वेळा झालंय. कधी कधी आठवडा जातो. फ्लोअर टॉमला तुमच्या हातून दोन-तीन महिने लागतील असं धरून चाला, तोवर बास ड्रम, १३ इंची टॉम आणि फोडांसकट तो स्नेअर, एवढ्यावर वाजवत राहा.

फ्लोअर टॉम शेवटी उभा राहील तेव्हा वर एकपदरी, खरखरीत लेपाचं हेड लावा, खाली पातळ पारदर्शक. रॉड बोटांनी टेकेपर्यंत फिरवा, मग समोरासमोरचे अर्धा-अर्धा फेरा. सांध्याशेजारच्या रॉडपाशी आवाज मंद वाटला तर आवळत जाऊ नका, हेड काढून तिथे पुन्हा टकटक करून बघा, एखादी छोटी पोकळी राहिली असेल. रॅपचे जे बारीक तुकडे बसवता आले नाहीत ते फेकू नका. कागदी पाकिटात घालून, तारीख लिहून, उष्णतेपासून लांब, हवेशीर जागी जपून ठेवा. पुढे कधी लगखालचा एखादा टवका भरायला त्याच रंगाचा, त्याच वयाचा तुकडा दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.